आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायच्या एका कागदासाठी मदत हवी आहे (दक्षिण मलावी, सौर संच)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. आयटीआयला वायरमन ट्रेड केला, मग काही वर्षं कोल्हापुरात पॅनेल बोर्डाचं काम, आणि गेली सात वर्षं मलावीत आहे. ब्लँटायरला राहतो. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांवर आणि शाळांवर सौर संच बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. थ्योलो (लिहितात थ्योलो, म्हणतात चोलो), मुलांजे, चिक्वावा, न्सांजे असा माझा पट्टा. बसवायचं काम वर्षातून चार-पाच ठिकाणी निघतं. बाकी सगळं वर्ष दुरुस्तीत जातं.

दुरुस्तीला गेलो की बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच असतं. छपरावर पॅनेल शाबूत. भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी शाबूत. आत बॅटऱ्या मेलेल्या, इन्व्हर्टर लाल दिवा लावून बसलेला, आणि नर्सबाई रात्रीची बाळंतपणं मोबाईलच्या उजेडात करतायत. संच बसवून तीन किंवा चार वर्षं झालेली असतात. बसवणारे दोन दिवसांत बसवून, फोटो काढून गेले. त्यानंतर मीटर घेऊन तिथे पोचणारा पहिला माणूस मीच असतो.

बॅटऱ्या का मरतात तेही सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच आलाय. थ्योलो-मुलांजे हा चहाच्या मळ्यांचा डोंगराळ भाग. जून ते ऑगस्ट इथला हिवाळा, आणि त्यात 'चिपेरोनी' येतो. शेजारच्या मोझांबिकमधल्या चिपेरोने डोंगराचं नाव या हवेला पडलंय. धुकं, बारीक भुरभुर, आणि सलग तीन-चार दिवस, कधी आठवडाभर सूर्य दिसत नाही. आपल्याकडच्या आंबोलीच्या पावसाळी दिवसांसारखं, फक्त पाऊस बारीक आणि थंडी जास्त. संच दोन दिवसांच्या बॅकअपवर काढलेला असतो. तिसऱ्या रात्री बॅटरी तळाला जाते, कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) लोड तोडतो, आणि मग कुणीतरी वायर सोडवून थेट बॅटरीला जोडतं, कारण आत बाई अडलेली असते. त्या माणसाला मी कसा दोष देणार? पण असं दोन-तीन हिवाळे झालं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी पुन्हा उठत नाही.

हे टाळता येतं. सकाळी सूर्य वर यायच्या आत कुणी रोज व्होल्टेज पाहिलं आणि आकडा खाली जायला लागताच टीव्ही, फोन चार्जिंग, कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरची लाईन बंद केली, तर तेवढीच बॅटरी बाळंतिणीच्या खोलीला आठवडाभर पुरते. ते पाहणारं माणूस तिथे चोवीस तास असतं. केंद्राची झाडलोट करणाऱ्या बाई, किंवा रात्रीचा राखणदार. संच बसवताना त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. प्रशिक्षण होतं ते केंद्राच्या प्रमुखाचं, आणि त्याची वर्षाभरात बदली होते.

म्हणून मी स्वतःच्या खर्चाने ११ केंद्रांवर एकेक साधा मल्टिमीटर ठेवायचं ठरवलंय, आणि सोबत भिंतीवर एक कागद. चिचेवा या इथल्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, एका पानाचा. त्यावर काय असावं आणि काय नसावं, हे इथल्या जाणत्यांना विचारायचंय. संच २४ व्होल्टचे आहेत, लेड-ॲसिडच्या १२ व्होल्ट २०० एएचच्या (अँपिअर-तास, साठवणीचं माप) चार बॅटऱ्या, दोन-दोनच्या सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडून).

---

वायरमन_दहिवडी

दादा, नमस्कार. मी माण तालुक्यात सौर पंपांची कामं करतो. कागदाचं नंतर बोलू, आधी मला सांगा पॅनेलचं तोंड कुठे आहे? आणि सावली? आमच्याकडे निम्म्या तक्रारी "पंप पाणी कमी टाकतो" अशा येतात, आणि जाऊन बघावं तर शेतकऱ्याने पॅनेलपुढे शेवगा लावलेला असतो. दुसरं, वायर कुठली वापरता? लांब वायरीत किती जातं ते लोकांना पटतच नाही.

---

कृष्णाकाठ

भाऊ, बरोबर जागी बोट ठेवलंत.

तोंड उत्तरेला. ब्लँटायर विषुववृत्ताच्या खाली साधारण १६ अंशांवर आहे. आपल्याकडे दक्षिणेला तोंड करायची सवय इतकी हाडात मुरलेली असते की मी इथे आल्यावर पहिल्याच कामाला, एका शाळेवर, पूर्ण स्ट्रक्चर दक्षिणेला उभं केलं. ड्रॉइंगही भारतातूनच आलं होतं, त्यामुळे कुणी हटकलं नाही. डिसेंबरात काहीच कळलं नाही, कारण तेव्हा दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या जरा दक्षिणेलाच असतो. जूनमध्ये कळलं. तेव्हा दुपारी बारालाही सूर्य उत्तरेकडे ५१ अंशांवरच. १६ अंश कलाचं पॅनेल उत्तरेला असतं तर त्या ऊन्हाचा ९२ टक्के भाग सरळ अंगावर घेतं, आणि दक्षिणेला असेल तर ५७ टक्के. म्हणजे वर्षातला सगळ्यात अडचणीचा महिना, वर चिपेरोनीचे ढग, आणि त्यात मी दुपारचं ऊन जवळजवळ ४० टक्के कमी केलेलं. परत जाऊन सगळं सोडवून फिरवलं. ते दोन दिवस अजून लक्षात आहेत, मुलं पहिल्या दिवसापासून मदतीला होती.

सावलीचं म्हणाल तर इथे शेवग्याच्या जागी आंबा. मलावीत आंबा उदंड आहे. संच बसवताना कमरेएवढं असलेलं झाड पाच वर्षांत छपराच्या वर जातं. एका फांदीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी त्या भागाचा बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज वळवणारा तुकडा) चालू होऊन पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद होतो. आणि आंब्याला कुऱ्हाड लावा म्हणायची माझी हिंमत होत नाही, डिसेंबरात पोरांच्या पोटात तेवढंच जातं. फांद्या छाटून घेतो. कागदावर हे घ्यायलाच हवं, लिहून ठेवतो.

वायरीचा हिशेब मी इथल्या पोरांना जमिनीवर काठीने लिहून दाखवतो. १२ व्होल्टची लाईन, २० मीटर लांब, १० अँपिअरचा लोड, अडीचची (२.५ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. जाऊन-येऊन ४० मीटर तांबं झालं. त्यात जवळपास ३ व्होल्ट जातात. बॅटरीवर १२, दिव्यावर ९. सहाची केबल घातली तर तोच तोटा सव्वा व्होल्टवर येतो. बाजारात मात्र स्वस्त म्हणून दीडची वायर सगळीकडे मिळते, आणि कधीकधी ती तांब्याचीही नसते, वरून मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं. मी खरेदीच्या वेळी टोक चाकूने खरवडून बघतो.

---

नैरोबीची_मावशी

किती छान धागा काढलास रे! मी नैरोबीत २४ वर्षं आहे. माझे यजमान इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, मी हिशेब बघते. त्यामुळे या सगळ्या नावांशी ओळख आहे.

आमच्याकडे मिस्त्रीला 'फुंडी' म्हणतात, आणि उघड्यावर, रस्त्याकडेला काम करणाऱ्या कारागिरांना 'जुआ काली', म्हणजे कडक ऊन. सौर काम करणारे बहुतेक जण याच जुआ कालीतून आलेले असतात. रेडिओ दुरुस्त करणारा पुढे इन्व्हर्टर उघडायला लागतो. केनियात २०१२च्या नियमांपासून सौर कामालाही परवाना लागतो, टी-१, टी-२, टी-३ असे वर्ग आहेत. टी-१वाल्याला एक पॅनेल किंवा एक बॅटरी, १०० वॉटपर्यंतचंच काम करता येतं. नियम चांगला आहे, पण तुर्कानातल्या किंवा मारसाबितच्या आतल्या गावात परवानेवाला शोधायला लोक दिवस घालवू शकत नाहीत. तिथे हाताशी असतो तोच फुंडी.

इथे एक गोष्ट मात्र फार पुढे गेली. २००७ साली एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, आलं (पेसा म्हणजे आपलाच पैसा), आणि मोबाईलवरून रोजचे थोडे थोडे शिलिंग भरून सौर दिवे घ्यायची पद्धत रुळली. असे दिवे हप्त्यावर देणाऱ्या एम-कोपा कंपनीच्या नावातल्या 'कोपा'चा अर्थच उधार घेणं. रॉकेलवर रोज जाणारे पैसे लोक दिव्याच्या हप्त्यात घालायला लागले. हप्ता थांबला की संच लांबूनच बंद होतो. माझं मन यात दोन्हीकडे जातं. आमच्या मोलकरणीच्या गावी, किसीकडे, तिच्या नातवाने अशाच दिव्याखाली अभ्यास केला. पण बंद पडलेला संच गावातल्या फुंडीला उघडता येत नाही, कारण कुलूप कंपनीचं. आता जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक मिळून २०३०पर्यंत ३० कोटी लोकांपर्यंत वीज न्यायची म्हणतायत. नेऊ देत, मला आनंदच आहे. मला एवढंच कळत नाही की एवढ्या संचांना पुरतील इतके फुंडी कुठे तयार होतायत?

कागदाबद्दल माझं म्हणणं: तो ज्या बाईसाठी आहे तिला आधी दाखव. आपण लिहितो ते आपल्याला सोपं वाटतं.

---

विजेरी

मी बॅटरी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, चाकणला. आकड्यांपुरतं लिहितो.

२४ व्होल्टच्या लेड-ॲसिड संचाला, सकाळी ऊन यायच्या आत आणि लोड अगदी थोडा असताना: २५.४ म्हणजे पूर्ण भरलेली. २५च्या आसपास म्हणजे चांगली. २४.४ म्हणजे साधारण निम्मी. २४ म्हणजे निम्म्याच्याही खाली, आणि इथे रोज गेली तर तुम्ही म्हणता तसं होणारच. दोनच रेघा ठेवा, २५ आणि २४.४. तिसरा आकडा दिलात तर लोक तिसऱ्यापर्यंत थांबतात.

महिन्यातून एकदा सिरीजमधल्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजायला सांगा. दोघींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर एकीतला सेल चाललाय. तुम्हाला फोन करायची वेळ तीच. चारही मरेपर्यंत थांबलात तर चारही घ्याव्या लागतात, आणि जुन्यांत एकच नवी घातली तर जुन्या तिलाही खाली ओढतात.

चिक्वावा म्हणजे नदीखोऱ्यातला सखल, तापणारा भाग ना? तिथे कंट्रोलरचं तापमानाचं सेटिंग बघा. २५ अंशांवर १४.४ व्होल्टला चार्ज होणारी १२ व्होल्टची बॅटरी ४० अंशांच्या खोलीत १४.०५च्या आसपासच थांबवायला हवी, नाहीतर पाणी उकळून जातं. बॅटरीच्या तापमानात दर १० अंशांनी आयुष्य निम्मं होतं असं आम्ही धरून चालतो. पत्र्याखालची खोली हाच तिथला मोठा शत्रू.

एक धोक्याची सूचना. हा कागद लिथियमच्या संचाजवळ चुकूनही लावू नका. लिथियम फॉस्फेटची १२ व्होल्टची बॅटरी ८० टक्के भरलेली असो की ३० टक्के, मीटर १३.१-१३.३च्या आतबाहेरच दाखवतो. आणि आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) तोडली की मीटरवर थेट शून्य. लोक समजतात मेली, आणि फेकून देतात. अनेकदा योग्य चार्जर लावून ती उठते.

---

कृष्णाकाठ

विजेरी, मनापासून आभार. तिसऱ्या आकड्याची गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी चार रंग ठरवले होते, आता दोन रेघा.

लिथियमचं अगदी पटलं. तीन नवीन केंद्रांवर आता लिथियमच आहे, तिथे कंट्रोलरच्या पडद्यावरचे टक्के वाचायला शिकवावं लागेल, कागद वेगळा. आणि शून्य दाखवणारी एक बॅटरी मी स्वतः न्सांजेच्या बाजारातून परत आणलीय. केंद्राच्या समितीने ती भंगारात दिली होती. सकाळी विकली, संध्याकाळी मी पोचलो.

चिक्वाव्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. ब्लँटायरहून घाट उतरून ५० किलोमीटर, पण हवा दुसऱ्या देशाची. ऑक्टोबरात ४०च्या वर जातं. तिथे ढगांचा त्रास नाही, पाण्याचा आहे. डिस्टिल्ड वॉटर संपलं की लोक विहिरीचं पाणी घालतात, आणि त्यातल्या क्षारांनी प्लेटा जातात. तिथे मी पावसाळ्यात उघड्यावर स्वच्छ प्लास्टिकचा टब ठेवून पावसाचं पाणी धरायला शिकवलंय. पत्र्यावरून आलेलं नको, थेट आभाळातलं. गाळून बाटल्यांत भरून ठेवतात.

याच चिक्वाव्यात शिरे नदीवर कापिचिरा जलविद्युत केंद्र आहे, सुमारे १३० मेगावॉटचं. जानेवारी २०२२मध्ये 'आना' वादळाच्या पुराने त्याचा बांध फोडला आणि देशाची जवळजवळ एक तृतीयांश वीज गेली. वर्षाहून जास्त काळ ते बंद होतं. त्या काळात ज्या केंद्रांना ग्रिड होतं तीही सौर संचावर आली, आणि दिव्यांपुरत्या काढलेल्या संचावर अख्खं केंद्र चालायला लागलं. मी आज ज्या बॅटऱ्या बदलतोय त्यातल्या बऱ्याच तेव्हा मार खाल्लेल्या आहेत.

---

पांथस्थ_६५

लेखकाच्या कष्टांबद्दल आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो. मी निवृत्त शिक्षक आहे, बरीच वर्षं धडगाव तालुक्यात काढली. तिथल्या पाड्यांवर फुकट दिलेले सौर दिवे मी लागताना पाहिले आणि विझतानाही पाहिले. घरोघरी पॅनेल आलं, दोन वर्षांनी बॅटरी गेली, आणि लोक पुन्हा चिमणीवर आले. ज्या पाड्यावर लोकांनी दरमहा वर्गणी काढली तिथला दिवा टिकला. म्हणून माझं मत असं झालंय की गाव पैसे भरायला तयार नसेल तर संच बसवूच नये. कागद आणि मीटर नंतर. आधी वर्गणी.

---

डॉ_मृण्मयी

काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण आरोग्य केंद्राला हा नियम लावू नका. मी झांबियाच्या पूर्व भागात दोन वर्षं काम केलंय. रात्री दोनला रक्तस्राव सुरू झालेल्या बाईचा फाटलेला भाग शोधायला उजेड लागतो. तिच्या गावाने वर्गणी भरली होती का, हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही. घरातला दिवा आणि प्रसूतीच्या खोलीतला दिवा यांचा हिशेब वेगळा आहे. प्रसूतीच्या खोलीतल्या दिव्याचा खर्च सरकारने औषधांच्या खर्चासारखाच धरायला हवा.

कृष्णाकाठ, दोन गोष्टी कागदावर नक्की घाला. एक, लसीचा फ्रीज. आता बऱ्याच ठिकाणी बॅटरीशिवाय थेट पॅनेलवर चालणारे फ्रीज आहेत, ते दिवसा आत बर्फ जमवतात आणि रात्रभर, ढगाळ दिवसांतही, २ ते ८ अंश धरून ठेवतात. लोकांना वाटतं की हे पॅनेल दुपारी रिकामंच आहे, म्हणून त्याला फोन जोडतात. "या पॅनेलला दुसरं काहीही जोडू नये" हे वाक्य फ्रीजवरच चिकटवा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मेलेल्या बॅटऱ्यांचं काय होतं? मी बाजारात माणसं बॅटरी फोडून, ॲसिड जमिनीवर ओतून, उघड्या चुलीवर शिसं वितळवताना पाहिली आहेत, आणि बाजूला मुलं खेळत होती. शिसं मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतं, त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. सेनेगलमध्ये डाकारजवळ तियारोयला २००७-०८मध्ये याच धंद्याच्या मातीमुळे १८ मुलं गेली. केनियात मोंबासाजवळ ओविनो उहुरू वस्तीत शिशाच्या भट्टीने लोक आजारी पडले, आणि फिलिस ओमिडो नावाची एक आई आपलं बाळ आजारी पडल्यावर त्याविरुद्ध उभी राहिली. तिला २०१५ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. आपण दिवे लावतो तेव्हा दर तीन-चार वर्षांनी त्या गावात कितीतरी किलो शिसं सोडत असतो, हे मनात ठेवायला हवं.

---

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुमची दुसरी गोष्ट वाचून काल रात्री झोप लागली नाही. खरं आहे. न्सांजेच्या बाजारात मी परत आणलेली बॅटरी लिथियमची होती, पण शेजारच्याच पालात एक जण लेड-ॲसिडची फोडत बसला होता, आणि मी माझी बॅटरी घेऊन निघून आलो. इतकी वर्षं मी जुन्या बॅटऱ्या समितीच्या ताब्यात देऊन मोकळा होत होतो. आता नवीन देताना जुनी परत घेतो आणि ब्लँटायरला विक्रेत्याकडे जमा करतो, त्याचे भंगाराचे पैसे समितीच्या खात्यात. सगळीकडे जमेल का माहीत नाही, पण माझ्या ११ केंद्रांवर जमवणारच.

पांथस्थ काका, वर्गणीबद्दल तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. इथे वर्गणी निघते. बायकांचे बचतगट आहेत, त्यांना 'बांकी म्खोंडे' म्हणतात, म्हणजे ओसरीवरची बँक. ओसरीवर बसून पेटी उघडायची, पैसे मोजायचे, कर्ज द्यायचं, पीक आलं की व्याजासकट परत. आपल्या भिशी आणि बचतगटाच्या मधलं काहीतरी. एका केंद्राच्या समितीने फोन चार्जिंगच्या पैशातून बॅटरीसाठी रक्कम साठवली होती, तीन वर्षं, एकही पैसा इकडचा तिकडे नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाची, म्हणजे इथल्या चलनाची, किंमत एका रात्रीत उतरवली, डॉलरला ११८० होता तो १७०० झाला. बॅटरी बाहेरून येते, तिचा भाव डॉलरवर. चार बॅटऱ्यांचे जमलेले पैसे तीन बॅटऱ्यांनाही पुरेनात. समितीचे अध्यक्ष वही घेऊन माझ्यासमोर बसले होते, आणि त्या वहीत कुठेच चूक नव्हती.

त्यानंतर त्यांनीच मार्ग काढला. पैसा बँकेत न ठेवता म्खोंडेतून कर्जाने फिरवायचा, आणि थोड्याच्या शेळ्या घेऊन ठेवायच्या. शेळीचा भाव महागाईबरोबर वाढतो. मागच्या वर्षी सहा शेळ्या विकून दोन बॅटऱ्या आल्या.

---

अजमेरकर

मी राजस्थानात नोकरीला आहे, म्हणून हे सांगू शकतो. अजमेर जिल्ह्यात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे, बंकर रॉय यांनी १९७२ साली सुरू केलेलं. तिथे आफ्रिकेतल्या अनेक देशांतून खेड्यातल्या बायका, पुष्कळशा आज्या, सहा महिने येऊन सौर संच जोडायला आणि दुरुस्त करायला शिकत. खर्च भारत सरकारच्या आयटेक या परदेशी लोकांना प्रशिक्षण देणाऱ्या कार्यक्रमातून. त्यांतल्या कितीतरी जणी अक्षरओळख नसलेल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नाही, शिकवणाऱ्या बाईंना दोघींचीही येत नाही. सगळं रंगांवर, खुणांवर आणि हातांवर. मी एकदा पाहुण्यांबरोबर गेलो होतो तेव्हा एक बाई सर्किटवर डाग देत होत्या, आणि त्यांचा हात आमच्या कारखान्यातल्या मुलांपेक्षा स्थिर होता.

म्हणून सुचवतो: कागदावर चिचेवा अक्षरं असतील ती असू द्या, पण मीटरच्या डायलवर जिथे खटका ठेवायचा तिथे रंगाचा ठिपका द्या. तोच रंग बॅटरीच्या टोकाला. मीटर चुकीच्या जागी फिरवलेला असेल तर कागद कितीही चांगला असून उपयोग नाही.

---

कृष्णाकाठ

अजमेरकर, हे सोन्यासारखं सुचवलंत. दोन मीटर याच कारणाने जळलेत माझे, खटका अँपिअरवर ठेवून कुणीतरी बॅटरीला लावला होता. आता नेलपॉलिशचा ठिपका देतो आणि अँपिअरचं भोक टेपने बंद करतो.

---

ट्रेड_इलेक्ट्रिशियन_२

सर, मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बार्शी. मला असं काम करायला तिकडे यायचं असेल तर काय शिकावं?

---

कृष्णाकाठ

बाळा, डीसी (पॅनेल-बॅटरीची, एकाच दिशेने वाहणारी वीज) नीट शिक. आपल्या आयटीआयमध्ये सगळा भर एसीवर असतो. इथल्या निम्म्या जळक्या बोर्डांमागे एसीची एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा खटका) डीसीवर लावल्याचं कारण असतं. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येत नाही, खटका उघडला तरी आतला जाळ चालूच राहतो. लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबायचं चांगलं क्रिम्पिंग शीक, पकडीने चेपलेला लग सहा महिन्यांत कार्बन धरतो. अर्थिंग मनापासून कर, इथे विजा फार पडतात. आणि ज्या देशात जाशील तिथला परवाना काढल्याशिवाय काम करू नकोस. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, सविस्तर सांगतो. भाषा इथे आल्यावर येते, लोक शिकवतात.

---

वायरमन_दहिवडी

दादा, कागद तयार झाला की इथे टाका. मी मराठीत करून आमच्या पाणीपुरवठ्याच्या सौर पंपांवर लावणार आहे.

---

कृष्णाकाठ

मंडळी, उशीर झाला, चिपेरोनीत अडकलो होतो. पहिला कागद थ्योलोतल्या एका केंद्रावर लावून आलो.

त्यावर शेवटी एवढंच राहिलं. सकाळी, ऊन यायच्या आत, लाल टोक लाल ठिपक्याला, काळं काळ्याला, आकडा वहीत लिहा. २५च्या वर असेल तर सगळं चालू. २५च्या खाली गेला तर टीव्ही, क्वार्टरची लाईन आणि फोन चार्जिंग बंद. २४.४च्या खाली गेला तर फक्त बाळंतिणीच्या खोलीतले दिवे, आणि मला फोन. फोन चार्जिंग एरवीही सकाळी दहा ते दुपारी दोनच. पहिल्या तारखेला एकेक बॅटरी वेगळी मोजा, पाणी बघा, पॅनेल फडक्याने पुसा, आंब्याची फांदी आली असेल तर सांगा. जुनी बॅटरी कुणालाही विकू नका.

मावशी म्हणाल्या तसं आधी ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचून दाखवलं. झाडलोटीचं काम करणाऱ्या बाई आहेत, पन्नाशीच्या, इथे अशा बाईला 'अमायी' म्हणतात, म्हणजे आईच. त्यांनी मीटर लावला, आकडा बरोबर वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग म्हणाल्या, आकडा मला कळतो, पण २५च्या खाली गेल्यावर नर्सच्या क्वार्टरचा टीव्ही बंद करायला मी कोण? मी झाडूवाली. मी खटका पाडला तर त्या पुन्हा चढवतील.

मी बॅटरीचा विचार करत होतो, त्या केंद्राचा करत होत्या. प्रमुखांना बोलावलं. त्यांनी कागदाच्या खाली चिचेवात लिहिलं की सकाळचा आकडा अमायी वाचतील आणि खटका त्याच पाडतील, त्यावर सही आणि केंद्राचा शिक्का मारला. नर्सबाईंनीही वाचून सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होतो. आकडा २४.७. अमायींनी वहीत लिहिला आणि जाऊन क्वार्टरची लाईन पाडली. कुणी काही बोललं नाही.

प्रमुखांची बदली झाली की नव्या सहीचं काय, हे अजून ठरवायचंय. वायरमन भाऊ, तुमच्याकडेही खटका कोण पाडणार हे आधी लिहून घ्या, आकडे नंतर. पुढची फेरी ऑक्टोबरात, चिक्वाव्याला. तिथे पाण्याची ओळ सगळ्यात वर न्यावी लागेल.